खुराड्याला दांडी हवी



कापसाच्या भावावर आणि ज्वारीच्या भावावर आजवर पुष्कळ लिहून झाले आहे, पुढेही लिहावेच लागणार आहे. आज मात्र आम्ही कोंबडीच्या झोपेवर लिहिणार आहोत. हसू आले तर हसून घ्या. मागच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा मागच्या रांगेतून एक जण म्हणालाच, "सायेब, इथं माणसाले झोप नाही अन् तुम्ही कोंबडीच्या झोपेचं काय घेऊन बसले?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण भिंतीकडेला बसलेल्या बायकांपैकी एकही हसली नाही. बैठक संपल्यावर पुढाऱ्यांभोवती गडी माणसांचा गराडा पडला आणि आमच्याभोवती सात-आठ बाया जमल्या. एकीच्या कोंबड्या मुंगूस नेत होते, एकीच्या रात्रीतून बसल्या जागी मरत होत्या, एकीच्या खुराड्यात जायलाच तयार नव्हत्या. आमच्या आयुष्यातल्या बऱ्याच भाषणांना एवढे प्रश्न आलेले नाहीत.

याचे कारण साधे आहे. कोरडवाहू घरात कापसाचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे एकदा येतो. तो येण्याआधीच कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज आणि सावकार दारात उभे असतात. त्या पैशाला घरातल्या बाईचा हात लागत नाही. कोंबडीचे तसे नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी पदराखाली दहा अंडी नेली की तेल-मीठ येते. पोराच्या शाळेची वही येते, आजारी सासूला एसटीचे भाडे निघते. लग्नसराईत कोंबडा विकला तर त्याहून मोठे काम होते. हा पैसा सातबाऱ्यावर दिसत नाही आणि सोसायटीच्या वहीतही नाही. म्हणूनच तो बाईच्या हाती उरतो. बारा कोंबड्यांचे हे खाते बुडाले तर त्याची आणेवारी कोणी काढत नाही.

आणि हे खाते लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्या ३१.७ कोटी निघाल्या. २०१२ साली त्या पावणेबावीस कोटी होत्या. सात वर्षांत जवळपास ४६ टक्के वाढ! मोठमोठ्या पोल्ट्र्यांचा बोलबाला असताना बायांनी परसात हे करून ठेवले आहे. त्यांना कोणी शाबासकी दिल्याचे आम्हाला आठवत नाही.

आमचा गुन्हा

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढे आम्ही जे सांगू ते कोणत्या तोंडाने सांगतो ते कळेल. आम्ही कृषीची पदवी घेतली आहे. कुक्कुटपालनाच्या तासाला आम्हाला पिंजऱ्यातली पोल्ट्री शिकवली, भुश्याच्या गादीवरची पोल्ट्री शिकवली, एका पक्ष्याला किती चौरस फूट ते पाठ करून घेतले. गावरान कोंबडी रात्री कुठे झोपते हा प्रश्न कधी परीक्षेला आला नाही, म्हणून आम्हालाही कधी पडला नाही.

चार वर्षांपूर्वी बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावी एका मावशीच्या घरी आमचा मुक्काम होता. मावशी विधवा, चार एकर हलकी जमीन, मुलगा पुण्याकडे कंपनीत. तिच्या कोंबड्या संध्याकाळ झाली की अंगणातल्या निंबावर चढायच्या. काही बैलगाडीच्या जुवावर बसायच्या, एक तर फवारणीच्या पंपाच्या मुठीवर बसायची. आम्हाला ते अडाणीपणाचे वाटले. आम्ही तिला कागदावर 'आदर्श खुराडे' काढून दिले. विटांच्या भिंती, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा, वर टिनपत्रा, खाली पक्का कोबा, समोर एक दरवाजा, हवेसाठी दोन वीतभर झरोके. तिने तुरीचे पैसे घालून ते बांधले. कोंबड्या काही केल्या आत जाईनात. मावशी रोज संध्याकाळी धरून धरून कोंबायची. आम्ही म्हणालो, सवय होईल.

मे महिन्यात तिच्या भावाकडे लग्न निघाले. दिवसभर घर बंद राहणार, गावात कुत्र्यांचा त्रास, म्हणून तिने कोंबड्या खुराड्यात घातल्या, पाणी ठेवले, कडी लावली. चौदा कोंबड्या. कोंबडा काही हाती लागला नाही, तो निंबावरच राहिला. अकोल्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी मावशी परतली तेव्हा चौदांपैकी नऊ मेलेल्या होत्या. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे.

आम्हाला हे कळले ते पंधरा दिवसांनी. आम्ही गेलो. वाटले होते, ती बोलेल. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, तुमचं टिनाचं घर त भट्टी निघालं." आणि चहा ठेवला. तो चहा आम्हाला अजून आठवतो.

त्या दिवसानंतर आम्ही कोंबडीकडे विद्यार्थ्यासारखे पाहू लागलो. वर्षभर जिथे मुक्काम पडेल तिथे संध्याकाळी अंगणात बसून कोंबड्या कुठे चढतात, कशा बसतात, कुणाशी भांडतात ते पाहिले. पुस्तके पुन्हा उघडली, गुरांच्या डॉक्टरांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते पुढे मांडत आहोत.

कोंबडी मूळची झाडावरची

कोंबडी हा जमिनीवर चरणारा आणि झाडावर झोपणारा पक्षी आहे. तिचे मूळ रानकोंबड्यात आहे. आपल्या मेळघाटात करडा रानकोंबडा अजून आहे. तोही दिवसभर पाचोळा उकरतो आणि अंधारून आले की फांदीवर चढतो. गावरान कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण तिच्या पायाचा पिवळा रंग या करड्या भावाकडून आला असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. तेव्हा कोंबडी झाडावर चढते तो तिचा हट्ट नाही. हजारो वर्षे जमिनीवर झोपलेल्या कोंबड्या कोल्ह्याने, रानमांजराने खाल्ल्या आणि वर झोपलेल्यांची पिल्ले जगली, त्यांची ही नात आहे.

तिच्या पायाची रचनाच त्यासाठी आहे. कोंबडी दांडीवर बसून गुडघे मोडते तेव्हा पायातली शीर ताणली जाते आणि बोटे आपोआप आवळली जातात. तिला धरून ठेवायला जोर लावावा लागत नाही, म्हणून ती झोपेत पडत नाही. थंडीत छातीची पिसे बोटांवर पसरून ती पाय झाकून घेते. अशी कोंबडी जमिनीवर, स्वतःच्या आणि शेजारणीच्या शिटेवर, कोपऱ्यात दाटीवाटीने बसवली म्हणजे काय होते? ती अर्धी रात्र जागी राहते. शिटेतून उठणारा नाकात झोंबणारा वास तिला रात्रभर घ्यावा लागतो. सकाळी खुराडे उघडल्यावर तुमच्या डोळ्यांना पाणी येते ना? तुमच्या डोळ्यांना ते घडीभर, तिला दहा तास. मग सर्दी, घरघर, डोळे चिकटणे सुरू होते. आपण म्हणतो, हवा बदलली.

मराठीत 'कोंबणे' हा शब्द कोंबडीवरून आला की कसे ते भाषापंडित ठरवोत. आपल्या खुराड्यांकडे पाहून तरी तसेच वाटते.

झाडावर झोपू द्यावे तर मग खुराडे कशाला, असेही कोणी विचारील. उन्हाळ्यात निंबावरची झोप खरोखरच चांगली, हे आम्ही आता कबूल करतो. पण मृगाच्या वादळात भिजून गार झालेली कोंबडी सकाळी खाली सापडते. बोका झाडावर चढतो, उदमांजर चढते. मुंगूस पहाटे खाली उतरलेलीला गाठते. आणि झाडावरून उतरलेल्या कोंबड्या दिवस उजाडताच कुठल्या तुरीत, कुठल्या कुंपणात अंडी घालतात ते घरधनिणीला कळत नाही. तेव्हा झाडाचा गुण आणि घराचा आडोसा दोन्ही एका जागी आणायचे आहे. खुराडे सुधारायचे म्हणजे एवढेच.

माप आणि सामान

बारा कोंबड्यांचा हिशेब धरू. एका गावरान कोंबडीला दांडीवर वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर जागा लागते. साडेचार फुटांच्या एका दांडीवर सहा जणी नीट बसतात. दोन दांड्या झाल्या की बारा कोंबड्या झाल्या. मागच्या भिंतीपासून एक फूट सोडून पहिली दांडी, तिच्यापुढे सव्वा फुटावर दुसरी, पुढे दाराशी तेवढीच मोकळी जागा. म्हणजे खुराडे पाच फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद झाले. एवढ्यावर भागते, कारण कोंबड्या दिवसभर बाहेरच असतात.

दोन्ही दांड्या एकाच उंचीवर ठेवा. आम्ही आधी जिन्यासारख्या एकीपेक्षा एक उंच लावून पाहिल्या. रोज संध्याकाळी वरच्या पायरीसाठी मारामारी! कोंबड्यांतही पुढारी असतात आणि पुढाऱ्यांना वरचीच जागा लागते. जागा सारखी ठेवली की भांडणाचे कारणच राहत नाही. (हा उपाय इतरत्रही करून पाहण्यासारखा आहे.)

दांडी मनगटाएवढी नको, बोटाएवढीही नको. दीड ते दोन इंच जाडीची, कडा घासून गोल केलेली लाकडाची हवी. निंबाची, बाभळीची, सागाची कोणतीही चालेल. बाभळीची घ्याल तर गाठी तासून काढा, नाहीतर तळपायाला जखम होऊन गाठ धरते आणि कोंबडी लंगडते. गुळगुळीत बांबूवरून पाय सरकतो. लोखंडी पाइप नकोच, उन्हाळ्यात तापतो आणि थंडीत गार पडतो. मोडलेल्या तिफणीचा दांडा किंवा डवऱ्याची जुनी दांडी घरात पडून असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. वर्षानुवर्षे हाताने घासून ती आधीच गुळगुळीत झालेली असते.

उंची किती ठेवायची? खुराड्याच्या तळापासून दीड फूट. जातिवंत गावरान कोंबडी याच्या दुप्पट उंचीवरही सहज चढते, पण वनराजा-गिरिराजासारखी सुधारित, अंगाने जड जात असेल तर तिला उंचावरून उडी मारताना पायाला मार बसतो. तिच्यासाठी एक फूट पुरे, आणि चढायला एक आडवी फळी तिरपी लावून द्या. अंडी घालायची खोकी मात्र दांडीपेक्षा खालीच ठेवायची. खोके वर असेल तर कोंबडी खोक्यातच झोपते, तिथेच शीट करते आणि सकाळी अंडी बरबटलेली निघतात. कोंबडीला गावात सगळ्यात उंच जागाच झोपायला हवी असते, एवढे लक्षात ठेवले की निम्मी रचना आपोआप ठरते.

तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्या. खाली चार मेढी, त्यावर पट्ट्या ठोकून अर्ध्या इंचाच्या फटी ठेवल्या की बरीचशी शीट खाली पडते. ते जमत नसेल तर दांडीखाली बारदाना अंथरून वर राख टाका आणि दोन दिवसांआड झटका. कोंबडी रात्री बरीच शीट करते, आणि ती सगळी दांडीच्या खाली एका रेषेत पडते. हा दांडीचा मोठा फायदा आहे. खत एका जागी गोळा होते. वाळलेल्या कोंबडखतात शेणखताच्या कितीतरी पट नत्र असते. ओले खत मात्र थेट रोपाला घालू नका, मुळे करपतात. आधी शेणाबरोबर कुजू द्या.

भिंतींना तुराट्यांचा कूड सगळ्यात चांगला. खालचे दोन फूट शेणमातीने लिंपून घ्या आणि वरचा भाग मोकळा ठेवा. कोंबडीच्या अंगावर थेट वारा नको, डोक्यावरून वारा खेळता हवा. गरम हवा आणि वास वर जातो, त्याला वळचणीखालून बाहेर जायला वाट ठेवली पाहिजे. आमच्या आदर्श खुराड्यात नेमकी हीच वाट नव्हती. थंडीत अकोल्याला पारा दहाच्या आसपास उतरतो, त्या दिवसांत उत्तरेच्या बाजूला बारदाना टांगला की झाले. वरच्या मोकळ्या भागाला अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा. षटकोनी पातळ कोंबडीजाळी कुत्रे दाताने फाडते. मुंगूस खालून उकरते, घूस पोखरते, म्हणून मेढींच्या बुडाशी दगड भरा.

पऱ्हाटीचा कूड करू का, असे बऱ्याच जणींनी विचारले. पऱ्हाटी फुकटची आहे, घरी ढीग पडलेला असतो. पण न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसून राहते आणि पुढच्या हंगामात तिथूनच उठते. २०१७ साली तिने काय केले ते आपण विसरलेलो नाही. पऱ्हाटी घराजवळ रचून ठेवू नका असे आम्ही शेताच्या बैठकीत सांगायचे आणि कोंबडीच्या बैठकीत तिचाच कूड करा म्हणायचे, हे शोभणार नाही. तुराटी वापरा.

छप्पर. टिन घालायचेच असेल, पावसाळ्यासाठी ते सोयीचे असतेच, तर वरून चुन्याचे दोन हात द्या आणि उन्हाळ्यात त्यावर कडब्याचा किंवा गवताचा वीतभर थर टाका. खुराडे पूर्व-पश्चिम लांब ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लांब बाजूने आत शिरणार नाही. निंबाची सावली मिळाली तर सोन्याहून पिवळे. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१-४२ अंश असते. बाहेर पारा ४४-४५ वर गेला की अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे धापा टाकण्यापलीकडे उपाय राहत नाही, आणि कोंडलेल्या दमट हवेत धापाही उपयोगी पडत नाहीत. दिवसा खुराडे बंद करून कधीही ठेवू नका. आणि सिमेंटच्या भिंती दिवसभराचे ऊन पिऊन रात्री ते आत ओकतात. मावशीच्या कोंबड्या संध्याकाळी आत जायला नाही म्हणत होत्या, ते यासाठी. त्या अडाणी नव्हत्या.

रात्रीचा चोर

बोका आणि मुंगूस दिसतात, म्हणून त्यांच्यावर आपण काठी घेऊन धावतो. एक चोर मात्र दिसत नाही. कोंबड्यांचा गोचीड. हा गुरांच्या गोचिडासारखा दिवसभर अंगाला चिकटून राहत नाही. मोठा झालेला गोचीड दिवसा भिंतीच्या भेगेत, दांडीच्या सांध्यात, खिळ्याच्या भोकात दडून बसतो, रात्री बाहेर येऊन कोंबडीचे रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत जातो. सकाळी कोंबडी उलटीपालटी करून पाहाल तर काहीच सापडत नाही. तुरा पांढरा पडत जातो, अंडी कमी होतात, आणि एक दिवस ती बसल्या जागी मरते. याच गोचिडामुळे एक रोगही पसरतो. ताप येतो, शीट हिरवी होते, पाय लुळे पडतात. आपण सरसकट त्याला मानमोडी म्हणतो आणि नशिबाला बोल लावतो. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, तेव्हा तीन-चार कोंबड्या अशा पडल्या तर मेलेली फेकून न देता गुरांच्या दवाखान्यात दाखवा. अकोल्यात पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, तिचाही उपयोग करून घ्या.

या गोचिडाला वर्षभर काही मिळाले नाही तरी तो जगतो. म्हणून खुराडे महिनाभर रिकामे ठेवून तो जात नाही. रात्री दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन जा आणि दांडीच्या खालच्या बाजूला, टोकांना, भेगांत पाहा. तिथे करडे चपटे किडे हलताना दिसले तर समजा, चोर सापडला. भेगा चुन्याने किंवा शेणमातीने बुजवा. दांडी भिंतीत पुरू नका. दोन बाजूंना खाचा करून त्यात नुसती ठेवा, म्हणजे महिन्याला काढून उन्हात टाकता येते, उकळते पाणी ओतता येते. टोकांना जळके तेल चोपडा. लाकडी सांधे जितके कमी तितके बरे. अंगणात एका कोपऱ्यात राख आणि कोरडी माती यांचा खड्डा ठेवला की कोंबड्या त्यात लोळून अंगावरच्या उवा स्वतःच झाडतात. शेतातले फवारणीचे औषध मात्र कोंबडीच्या अंगावर मारू नका. आम्ही हे घडलेले पाहिले आहे. गोचीड मेला, कोंबडीही मेली, आणि त्याच हाताने पोराला भाकर दिली गेली.

दांडीचा आणखी एक फायदा आम्हाला उशिरा कळला. मानमोडीची लस द्यायची तर कोंबड्या पकडण्यातच सकाळ जाते, निम्म्या सुटतात आणि रोग त्या सुटलेल्यांतून पसरतो. रात्री दांडीवर ओळीने बसलेली कोंबडी अंधारात हलत नाही. एकीने कंदील धरायचा, दुसरीने एकेक उचलून द्यायची, अर्ध्या तासात बारा होतात. आधी लस देणाऱ्याशी ठरवून ठेवा आणि लस बर्फातूनच आणा. कोमट झालेली लस म्हणजे पाणी.

सवय लावण्याबद्दल दोन शब्द. झाडावरच्या कोंबड्यांना नव्या खुराड्याची ओळख करून द्यावी लागते. आठवडाभर संध्याकाळचे दाणे खुराड्यातच टाका. ज्या झाडावर चढतील तिथून अंधार पडल्यावर उतरवून दांडीवर नेऊन बसवा. चार-पाच रात्रीत बहुतेक जणी स्वतःहून येतात. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, म्हणून दिवेलागणीला थोडा वेळ आत उजेड ठेवा. पिल्लांची आई खालीच, डालग्यात झोपेल, तिला दांडीवर बसवायला जाऊ नका. पिल्ले महिना-दीड महिन्याची झाली की स्वतः चढायला बघतात, त्यांच्यासाठी वीतभर उंचीवर एक बारीक काठी लावून द्या. दाण्यासाठी पावसाने काळी पडलेली ज्वारी आपण वापरतोच. ती वाळवून घ्या. बुरशीचा वास मारणारी, गोळे झालेली कोंबडीलाही नको. सरकी आणि ढेप अंड्यावरच्या कोंबडीला घालू नका, बलक हिरवट-काळपट पडतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही. पेरणीचे उरलेले, औषध लावलेले लाल-गुलाबी बियाणे परसात सांडू देऊ नका, हे तर सांगायलाच नको.

पिल्ले वाटली, दांडी विसरली

कोंबड्यांच्या योजना पुष्कळ झाल्या. कधी एक दिवसाची पिल्ले, कधी २५ तलंगा आणि ३ नर असा गट निम्म्या अनुदानावर. वाटपाचा फोटो निघतो. सहा महिन्यांनी त्या गावात जाऊन विचारा, किती उरल्या. उरलेल्या कोंबड्यांचा फोटो काढायला कोणी येत नाही. ज्या बाईला रात्री बारा कोंबड्या सुरक्षित झोपवायची सोय नाही तिला आणखी २५ देणे म्हणजे मुंगसाला अनुदान देणे आहे. आमचे म्हणणे असे की गटाच्या किमतीतला एक हिस्सा आधी खुराड्यासाठी द्या, ते उभे राहिलेले पाहा आणि मग पक्षी द्या. खुराड्याचा नकाशा मात्र आमच्यासारख्या पदवीधरांकडून मागवू नका. त्या गावातल्या चार बायांना विचारा.

'हे सगळे लाड आहेत', असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. युरोपीय संघाने १९९९ साली अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी नियम केला. जुने उघडेबोडके पिंजरे २०१२ पासून बंद, आणि प्रत्येक कोंबडीला बसायला किमान १५ सेंटिमीटर दांडी. तिकडे त्यासाठी कायदा करावा लागला, कारण तिथे कोंबडीला मालक राहिला नव्हता, फक्त कारखाना होता. आपल्याकडे कोंबडीला अजून मालकीण आहे. तिला कायद्याची नाही, साडेचार फुटांच्या दोन दांड्यांची गरज आहे. बारा गावरान कोंबड्या वर्षाला प्रत्येकी पन्नास-साठ धरल्या तरी सहा-सातशे अंडी देतात. त्यातली किती कुंपणात जातात, किती मुंगूस खाते, किती गोचीड पितो, आणि किती बाजारात पोचतात, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या अंगणात बसून करावा. गावरान अंड्याला फार्मच्या अंड्यापेक्षा जास्त भाव मिळतो, आणि तो सांगणारी बाई स्वतः असते. १९८२ साली पोल्ट्रीवाल्यांनी अंडी समन्वय समिती काढून आपल्या अंड्याचा भाव आपण जाहीर करायला सुरुवात केली, त्याचे आपल्याला कौतुक वाटले होते. आमच्या बायका दारातल्या अंड्याचा भाव त्याआधीपासून स्वतःच सांगत आल्या आहेत. कापूसवाल्या गड्यांना ते अजून जमायचे आहे.

जिल्हा बैठकीच्या दिवशी मंडपाच्या बाहेर आम्ही असे एक खुराडे उभे करून ठेवणार आहोत. तुराट्या, मेढी आणि जाळी आमची. दांडी कुणी घरची जुनी आणली तर बरे होईल. सुतार भाऊ दोन तास थांबणार आहेत, ज्याला माप घ्यायचे असेल त्याने सुतळी घेऊन यावे. बायांना आणल्याशिवाय गड्यांनी माप घ्यायला येऊ नये, अशी विनंती आहे. घरी गेल्यावर ते माप चुकीचेच सांगतात.

या वर्षी एप्रिलात आम्ही पुन्हा मावशीकडे गेलो होतो. तिने आमच्या आदर्श खुराड्याच्या तीन भिंती अर्ध्यावर पाडल्या आहेत. वर तुराटीचा कूड आणि जाळी केली आहे, टिनावर कडबा टाकला आहे, आत नवऱ्याच्या हातच्या तिफणीचा दांडा बसवला आहे. आता सतरा कोंबड्या आहेत. दिवस मावळताच एकेक करून आत गेल्या, थोडी कुरबुर झाली आणि गप्प झाल्या. तो जुना कोंबडा मात्र बैलगाडीच्या जुवावर जाऊन बसला. आम्ही त्याला धरायला उठलो तर मावशी म्हणाली, "राहू द्या त्याले, भाऊ. तुमचं आयकलं नाही म्हून तर तो वाचला."